न पेरलेले गवत

आमच्या शहापूर-मुरबाडकडे गवत कोणी पेरत नाही. भात पेरतात, नागली-वरी पेरतात, बांधावर तुरीची एखादी ओळ टाकतात. गवत मात्र मृगाच्या दोन सरी पडल्या की आपले आपण उगवते. त्यामुळे गवत म्हणजे फुकटची चीज, अशी एक समजूत इकडच्या बोलण्यात पक्की मुरलेली आहे. "गवतासारखे पैसे" म्हणत नाहीत एवढेच! पण मंडळी, या फुकटच्या गवतावर मुंबई शहर शंभर-सव्वाशे वर्षे दूध प्यायले, वखारवाल्यांच्या माड्या उठल्या, आणि त्याच्या मजुरीवरून आमच्याच जिल्ह्यात गोळीबारही झाला. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात मी छत्तीस वर्षे पानिपत आणि प्लासी शिकवली. गवताचा धडा त्यात नव्हता. म्हणून तो इथे लिहिते आहे.

माझे माहेर आसनगावजवळचे आणि सासर मुरबाडचे, म्हणजे दोन्हीकडे डोंगर आणि दोन्हीकडे वरकस. वरकस म्हणजे काय ते आमच्या अमेरिकेतल्या नातवंडांसाठी सांगते. भाताची खाचरे खाली सखल भागात असतात. त्यांच्या वर जी उताराची, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन असते ती वरकस. दोन-तीन वर्षे तिच्यात नागली नाहीतर वरी घ्यायची आणि मग तिला विसावा द्यायचा. विसाव्याच्या वर्षांत तिच्यावर गुडघ्याएवढे, कुठे कुठे कमरेएवढे गवत माजते. कुसळी, पवन्या, ओलसर जागी मारवेल, सखल चिखलट जागी मोशी. आश्विनात वारा सुटला की सगळा माळ तांबूस सोनेरी होऊन हलत असतो. दिसायला देखणा, चालायला मात्र वैताग! कुसळे लुगड्याच्या काठात अशी शिरत की रात्री चिमणीच्या उजेडात आई ती एकेक करून उपटत बसे.

पूर्वी या गवताचे गिऱ्हाईक घरातच होते. गुरे तर होतीच. शिवाय दरवर्षी छप्पर शाकारायला गवत लागे आणि राबाला लागे. राब ही आमच्या भागाची खास गोष्ट. ज्या तुकड्यात भाताची रोपे करायची त्यावर उन्हाळ्यात शेण, झाडांच्या फांद्या-पाला, वर गवत आणि सगळ्यांवर मातीचा पातळ थर असे रचायचे आणि पेटवून द्यायचे. जमीन भाजून निघते, तण मरते, राखेचे खत होते. इंग्रजांच्या वनखात्याने जंगलातला पाला तोडायला बंदी घातली, तेव्हा ठाणे-कुलाब्याकडे या राबावरून एवढी ओरड झाली की सरकारला १८८५ साली एक आयोग नेमावा लागला. असो. सांगायचे ते इतकेच की गवताला घरची किंमत होती, बाजारची नव्हती.

बाजारची किंमत मुंबईने आणली.

आज आपल्याला मुंबई म्हटले की लोकल आठवते. पण दीडशे वर्षांपूर्वीची मुंबई जनावरांवर चालत होती. बग्ग्या, व्हिक्टोरिया, बैलगाड्या, छकडे होतेच. १८७४ साली ट्राम सुरू झाली तीही घोड्यांची, आणि १९०५ साली ती बंद झाली तेव्हा कंपनीच्या पागेत तेराशेहून जास्त घोडे होते. शिवाय म्हशी. गावासारखे दूध बाहेरून आणून टिकवण्याची सोय त्या काळी नव्हती, म्हणून दूधच शहरात तयार करायचे, म्हणजे म्हशी शहरात आणून बांधायच्या. वस्तीत तबेले उभे राहिले. या सगळ्या जनावरांना चरायला बेटावर जागा कुठली? म्हणजे चारा बाहेरून आलाच पाहिजे.

आधी तो खाडीने जाई. भिवंडीहून, कल्याणहून होड्या भरून. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये भिवंडीच्या व्यापाराच्या जिनसा सांगितल्या आहेत, त्यात तांदूळ, सुकी मासळी, कापड आणि लाकूड यांच्या पंक्तीला गवत बसलेले आहे. मग रेल्वे आली. गाडी १८५४ मध्ये कल्याणला पोचली, १८५५ मध्ये वासिंदला, १८६० मध्ये आसनगावला आणि १८६१ च्या पहिल्या दिवशी कसाऱ्याला. शाळेत आम्ही हा क्रम 'रेल्वेची प्रगती' म्हणून पाठ करायचो. पण त्याच ओळी शहापूरच्या डोंगरावर उभे राहून वाचल्या तर वेगळ्या दिसतात. दर स्टेशनागणिक मुंबईच्या तबेल्याचे तोंड आमच्या माळाच्या जवळ सरकत गेले! (पुढे तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे बांधून पाणीही तिकडेच गेले. आमच्या तालुक्याने मुंबईला द्यायचे काही बाकी ठेवलेले नाही.)

आता अडचण अशी की गवत हलके आणि फोफसे. डबा भरून जातो पण वजन काही भरत नाही, आणि भाडे तर द्यावेच लागते. म्हणून ते दाबले पाहिजे. इथे गाठीचा जन्म झाला.

माझ्या लहानपणी, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीला, स्टेशनाजवळच्या वखारीत हाताने चालणारा प्रेस मी पाहिला आहे. लाकडाची मोठी उभी पेटी. तिच्यात गवत टाकत जायचे आणि दोघे जण आत उतरून पायांनी तुडवायचे. पेटी भरली की वरून फळी बसवून दांडा फिरवत ती खाली आणायची. दांड्याला चार-चार माणसे जुंपलेली असत, आणि तो करकर आवाज आमच्या घरापर्यंत ऐकू येई. मग फटींतून तार ओवून आवळायची आणि पेटीची बाजू उघडली की आतून चौकोनी, कडक, साबणाच्या वडीसारखी गाठ बाहेर पडे. आम्हा मुलांना ती जादूच वाटायची. एवढा मोठा ढीग गेला कुठे? तुडवणाऱ्या माणसांचे तोंड-नाक फडक्याने बांधलेले असे, तरी ती दिवसभर खोकत. वखारीत विडी ओढायला सक्त मनाई होती, आणि इंजिनाच्या ठिणगीची धास्ती उन्हाळाभर असायची. एक गोष्ट मात्र वखारीतले सगळेच सांगत की ओले गवत दाबले तर ठिणगीचीही गरज नाही. ते आतल्या आत तापते, काळे पडते आणि कधी आपले आपण पेटते. म्हणून वखारीच्या काट्यावर गवत घ्यायचे ते पूर्ण वाळलेलेच.

या 'वाळलेलेच'पाशी मी जरा थांबणार आहे, कारण पुढचा सगळा इतिहास त्या शब्दात आहे.

गवत कापणारा माणूस कापतो ओले. दसऱ्याच्या सुमाराचे पिकलेले गवत धरले तरी त्यात निम्मे पाणी असते. ते विळ्याने कापायचे (वाकून, जमिनीलगत, घोणशीची भीती मनात ठेवून), जागीच पसरायचे, दोन-तीन उन्हे द्यायची, उलटायचे, पेंढ्या बांधायच्या, भारे करायचे, डोक्यावरून उडवीपर्यंत किंवा वखारीपर्यंत न्यायचे. एवढे झाल्यावर काट्यावर ठेवायचे, आणि मजुरी मिळणार ती काट्यावरच्या वजनाची! म्हणजे ५०० पौंड वाळके गवत काट्यावर दाखवायचे असेल, तर माळावर निदान ९०० पौंड कापावे लागणार. मधले चारशे पौंड सूर्याने प्यायले, त्याचे दाम कोणी द्यायचे? त्यात अवेळी पाऊस आला तर कापलेले गवत कुजणार, आणि कुजलेले वखारवाला घेणार नाही. कष्ट झाले ते झालेच. शिवाय काटा मालकाचा, तोलणारा मालकाचा आणि वाचणाराही मालकाचा. कापणाऱ्याला आकडा वाचता येत नसे.

तो कापणारा कोण होता? आमच्याकडे कातकरी, ठाकूर, महादेव कोळी. पश्चिमेला डहाणू-उंबरगावकडे वारली. श्रावण-भादव्यात घरातले धान्य संपले की ही माणसे मालकाकडे खावटी मागायला जात. खावटी म्हणजे पावसाळ्यात खायला उसने घेतलेले भात किंवा नागली. ती फेडायची वेळ येई तेव्हा माळावर गवत तयारच असे. उसने घेतलेला दाणा गवताच्या रूपाने फिटला असे क्वचितच होई; बहुधा दाण्याचे व्याज तेवढे फिटे. १९३७ साली मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन नावाच्या सनदी अधिकाऱ्याला आदिवासी मुलखाची पाहणी करायला नेमले. त्यांचा अहवाल १९३९ मध्ये आला. सावकारी, वेठ, फुकट राबवणे हे सगळे त्यात एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलेले आहे. म्हणजे 'कम्युनिस्टांनी उगाच भडकवले' असे जे म्हणत, त्यांच्यासाठी सरकारी कागद आधीच तयार होता.

१९४५ च्या ७ जानेवारीला आमच्या शेजारी, टिटवाळ्याला, महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा म्हटले की आपल्याला गणपती आठवतो, पण हेही तिथेच घडले. तिच्या तयारीसाठी गोदावरी परुळेकर ठाणे जिल्ह्यात गावोगाव पायी हिंडल्या होत्या. पुण्यात वाढलेली, कायद्याची पदवी घेतलेली बाई. महाराष्ट्रातल्या वकिलीच्या पदवीधर स्त्रियांत पहिली त्यांची गणना होते. परिषदेला उंबरगावकडचे काही वारली आले होते. ते परत जाताना गोदावरीबाईंना आणि शामराव परुळेकरांना आपल्या मुलखात बोलावून गेले. २३ मे १९४५ ला झरी गावी मोठी सभा झाली आणि वेठ करायची नाही असे ठरले. आणि पावसाळा संपत आला तेव्हा प्रश्न आला तो गवताचा.

मागणी होती ती अशी: ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये. म्हणजे आजच्या हिशेबात सुमारे २२७ किलोला अडीच रुपये. नाहीतर विळ्याला हात लावायचा नाही.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तो गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे. ते १९७० मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नुकतीच नोकरीला लागले होते तेव्हा मी. वाटले, एवढ्या अन्यायाच्या डोंगरापुढे ही काय मागणी? जमीन मागितली नाही, कर्जमाफी मागितली नाही. पण नंतर पुष्कळ वर्षांनी कळले की ती मागणी फार शहाणपणाची होती. जमिनीचा वाद कोर्टात वीस वर्षे लोळतो. गवत मात्र थांबत नाही. आश्विन-कार्तिकात कापले नाही तर त्याचे काड होते, माळावर वणवा लागतो, आणि मुंबईच्या म्हशी तर रोज खाणार! वर्षभरातले हेच सहा-सात आठवडे असे होते की मालकाला मजुराची गरज मजुराच्या गरजेहून जास्त होती. निरक्षर म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनी ती वेळ अचूक हेरली.

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला हजारो वारली जमले. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी आवई उठवून त्यांना बोलावण्यात आले होते. पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. पाच जण ठार झाले. त्यातला जेठ्या गांगड हे नाव तिकडे अजून घेतले जाते. परुळेकरांना जिल्ह्याबाहेर घालवले. पण संप मोडला नाही आणि अनेक ठिकाणी मालकांना अडीच रुपयांचा दर कबूल करावा लागला. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, जंगलतोडीच्या मजुरीसाठी असाच संप झाला. तेव्हा दिवसाला सव्वा रुपया मागितला होता. (उंबरगाव तालुका १९६० मध्ये गुजरातेत गेला, आणि १ ऑगस्ट २०१४ ला डहाणू, तलासरी वगैरे तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. त्यामुळे आजच्या मुलांना 'ठाणे जिल्ह्यातला वारल्यांचा लढा' म्हटले तर ती नकाशात शोधत बसतात.)

त्याच पट्ट्यात थोडे वर, तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातल्या पारडी तालुक्यात, गवताची दुसरी लढाई झाली ती निराळ्या कारणाने. तिथल्या जमीनदारांना भात पिकवण्यापेक्षा गवत राखणे फायद्याचे होते. पेरणी नको, खत नको, राखणीला दोन माणसे पुरे, आणि माल रेल्वेने थेट मुंबईला. जमिनीचा मोठा भाग असा गवताखाली गेला, आणि ज्यांनी तिथे पूर्वी धान्य केले त्यांना वर्षातून थोडे दिवस कापणीचे काम आणि उरलेले दिवस उपास. १ सप्टेंबर १९५३ ला ईश्वरभाई देसाई आणि अशोक मेहता यांच्या पुढाकाराने शेकडो आदिवासी या माळांत शिरले आणि त्यांनी कुदळ मारली. 'आम्हाला इथे धान्य पिकवू द्या', एवढेच. हा सत्याग्रह तुटक तुटक चौदा वर्षे चालला आणि १९६७ मध्ये त्याची तडजोड झाली. मुंबईच्या चहातले दूध आणि पारडीच्या माणसाच्या ताटातला भात यांचा असा सरळ संबंध होता. आमच्याकडे इतके टोकाला गेले नाही, कारण आमच्या वरकसांचे तुकडे लहान आणि मालकही पुष्कळ. पण जात तीच.

माझ्या वाट्याला हा इतिहास आला तो हजेरीपटातून. १९७२ मध्ये मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत मी रुजू झाले. ते दुष्काळाचे वर्ष. कसाऱ्याच्या घाटाने गवताचे ट्रक वर जाताना दिसत. (पूर्वीही, १८९९-१९०० च्या दुष्काळात, मुंबई इलाख्याच्या वनखात्याने जंगलातले गवत कापून, दाबून रेल्वेने दुष्काळी भागात धाडले होते.) दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली आणि चौथीच्या एकतीस मुलांपैकी अकरा आली. मी विचारले, बाकीची कुठे? एक मुलगा म्हणाला, "गवतावं गेली, बाई." जशी आपण म्हणतो मामाच्या गावाला गेली, तसे. आई-बाप माळावर जात, धाकटे भावंड सांभाळायला आणि पेंढ्या वाहायला मुले बरोबर. गवत संपले की ती मंडळी वीटभट्टीवर जात आणि थेट होळीला उगवत. हजेरीपटात गैरहजर मुलापुढे कारण लिहायची पद्धत होती. 'आजारी', 'परगावी'. मी 'गवत' लिहायला लागले. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी लाल शाईने त्याला प्रश्नचिन्ह केले. मी पुढच्या वर्षीही तेच लिहिले. दहा-बारा वर्षांचे ते हजेरीपट कोणी जपून ठेवले असते तर कापणी कोणत्या आठवड्यात सुरू झाली, कोणत्या वाडीतून किती घरे गेली, सगळे त्यातून काढता आले असते. पण शाळेची इमारत नवी झाली तेव्हा जुने कागद गेले.

इकडे मुंबईतही बदल चालू होते. दारा खुरोडींच्या पुढाकाराने १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली, शहरातल्या म्हशी तिकडे हलवू लागले. तिथे पाण्यावर वाढणारे पॅरा गवत मुद्दाम लावले गेले. लावले, हे लक्षात घ्या. न पेरता उगवणाऱ्या गवताला पहिला प्रतिस्पर्धी तिथे उभा राहिला. नंतर बाहेरून येणाऱ्या दुधाचा ओघ वाढला, आणि तबेले जोगेश्वरी, गोरेगाव करत दूर सरकले, कमी झाले. आमच्याकडेही म्हशी-बैल घटले, शाकारणीला कौले आणि मग पत्रे आले. वरकसाला मग तिसरेच गिऱ्हाईक मिळाले. फार्महाउस, गोदामे, बंगल्यांच्या योजना. समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, तो शहापूर तालुक्यातूनच गेला आहे. ज्या माळावरून आम्ही करवंदे आणायला जायचो तिथे आता कुंपणाच्या तारा आहेत. गाठीच्या तारा गेल्या, कुंपणाच्या आल्या.

आता पुतण्याची गोष्ट. आमच्या धाकट्या दिरांचा मुलगा नोकरी सोडून गावी आला आहे, सहा म्हशी घेतल्या आहेत, आणि या पावसाळ्याच्या तोंडाला त्याने दोन एकर वरकसात चक्क गवत लावले! मारवेलचे ठोंब आणून, ओळी धरून. गावात त्याची चेष्टा झाली. डोंगरात कोणी दगड लावतो का, तसे. पण तो म्हणाला, "काकू, आपलं गवत जनावराचं पोट भरतं, त्याला पोसत नाही." हे मात्र त्याने खरे सांगितले. गवत फुलोऱ्यात असते तेव्हा त्यात प्रथिने सात-आठ टक्के असतात. बी पडून काड झाल्यावर ती तीनाच्या आसपास येतात. आमच्याकडे फुलोरा येतो भादव्यात, धो धो पावसात, आणि तेव्हा गवत वाळवायचे कुठे? म्हणून पिढ्यान्‌पिढ्या आम्ही थांबलो आणि सत्त्व गेलेले गवत कापत आलो. वखारीला वजनाशी मतलब, सत्त्वाशी नाही. मुंबईच्या तबेल्यांत म्हशीपुढे पेंड-चुनीची रास का ओतावी लागे, त्याचे एक कारण त्या गाठींतच असणार.

यावर तोड म्हणजे मुरघास. ही काही आजची युक्ती नाही. ऑगस्त गोफार्त नावाच्या फ्रेंच शेतकऱ्याने १८७७ मध्ये यावर पुस्तक लिहिले. पण आपल्याकडे ती खेडोपाडी पोचली ती आत्ता आत्ता, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कुट्टी यंत्रे आल्यावर. तत्त्व आपल्या लोणच्याचेच आहे. हिरवे असतानाच कापायचे, एक दिवस सुकवून पाणी थोडे कमी करायचे (शंभरात तीस-पस्तीस भाग कोरडा ऐवज राहील इतपत), बोटाच्या पेराएवढी कुट्टी करायची, खड्ड्यात किंवा पिशवीत थर देत तुडवून हवा काढायची आणि तोंड घट्ट बंद. आत आंबते, आंबटपणामुळे टिकते, आणि दीड-दोन महिन्यांनी काढले की जनावरे आवडीने खातात. मक्याचा उत्तम होतो कारण मक्यात साखर असते. गवतात ती कमी, म्हणून गुळाची मळी शिंपडावी लागते. आणि नव्याने लावलेल्या गवताची एक वेगळी खोड आहे. पहिल्या वर्षी ठोंबांमध्ये उघडी जमीन राहते, कापताना माती लागते, आणि माती आत गेली की मुरघासाला घाण वास सुटतो. म्हणून पहिली कापणी चार-सहा बोटे सड राखूनच करायची. मुळे अजून वर असतात, त्यांनाही ते बरे. वखारीत जे ओले दाबणे म्हणजे नासाडी होती तेच इथे गरजेचे! मला हे ऐकून फार गंमत वाटली.

पुतण्याचा सगळा हिशेब तयार होता. पिशव्या किती, मळी किती, यंत्राचे भाडे किती. कापणीसाठी त्याने वाडीवरच्या एका माणसाला बोलावले. तो माझा जुना विद्यार्थी निघाला. चौथीच्या हजेरीपटात ज्याच्यापुढे मी 'गवत' लिहीत असे त्यातलाच. आता पन्नाशी ओलांडलेली, दहा-बारा माणसांची टोळी घेऊन कामे धरतो. पुतण्याने जुन्या रिवाजाप्रमाणे क्विंटलवर दर सांगितला. त्याने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे, आणि विचारले, "तोल वला का सुका?"

पुतण्याला प्रश्न कळलाच नाही. त्याला वाटले, ओलेच तर कापायचे आहे, त्यात काय विचारायचे? मी त्याला अर्धा तास बसवून पाचशे पौंडांची गोष्ट सांगितली. तोवर माझा विद्यार्थी ओट्यावर चहा पीत होता. त्याला ती सांगायची गरज नव्हती. पाचशे पौंड हा आकडा त्याने ऐकला नसेल, पण त्याच्या आज्याने वखारीच्या काट्यावर काय सोसले ते त्याला ठाऊक होते. शेवटी दोघांनी काटाच बाजूला ठेवला आणि गुंठ्यावर दर ठरवला. पाऊस आला आणि कापलेले भिजले तर तो तोटा पुतण्याचा, असे त्याने दोनदा म्हणवून घेतले. निम्मे पैसे आधी घेतले.

कापणी ऋषिपंचमीच्या नंतरच्या आठवड्यात धरली आहे, उघडीप मिळाली तर. त्याच्या टोळीतली दोन मुले शाळेत जाणारी आहेत, ती येणार नाहीत, हे मात्र मी ठरवून घेतले.